गाळाच्या पावतीवर एक रकाना कमी आहे

प्रति,
राज्यातल्या सर्व महापालिकांच्या पर्जन्यजलवाहिनी विभागांतील अभियंते
आणि नालेसफाईच्या निविदेचा मसुदा जे कुणी लिहीत असतील ते

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात एका नाल्याच्या काठी, चहाच्या टपरीवर, एक डंपरवाला भेटला. शहराचं नाव मुद्दामच घालत नाही, कारण ही एका खात्याविरुद्धची तक्रार नव्हे. त्याच्या खिशातून वजनकाट्याची पावती डोकावत होती. बघू का म्हटलं, तर त्यानं लगेच दिली. गाडी नंबर, तारीख, वेळ. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. आणि खाली, माल : गाळ.

कुठे नेतोस म्हणून विचारलं. म्हणाला, हायवेच्या पलीकडे एकाची जमीन खोलगट आहे, त्याला भर टाकून हवी आहे. पुढं भाजी लावणार म्हणतो. मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बघून तोच म्हणाला, “काका, गाळ आहे ना. फुकट सोनं.”

त्या पावतीवरच्या एका शब्दापायी हे पत्र लिहितो आहे.

मराठी माणसाच्या कानाला ‘गाळ’ हा शब्द वाईट लागत नाही. नदीकाठची गाळाची जमीन म्हणजे भाव खाणारी जमीन. धरणाचं पाणी ओसरलं की मागं राहिलेल्या ओलीवर गाळपेर करायला मिळावी म्हणून लोक अर्ज करतात. २०१७ पासून तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच आहे. तलावातला गाळ उपसायचा आणि शेतकऱ्याच्या रानात नेऊन पसरायचा. योजना मला मनापासून पटते. वरच्या शेतांतून धुपून गेलेली माती पुन्हा शेतात जाते, इतका साधा तो हिशोब आहे. पण मिठी, नाग, पिवळी, खाम, नासर्डी, आंबिल ओढा, जयंती नाला अशा शहरांतल्या नद्या-नाल्यांच्या तळातून पोकलेन जे उपसतो, त्यालाही आपण गाळच म्हणतो. ते शेतातून आलेलं नसतं. गॅरेजच्या फरशीवरून, भंगाराच्या वखारीतून, पुलाच्या कठड्यावरून आणि रस्त्याच्या दुभाजकालगतच्या त्या काळ्या पट्ट्यातून ते धुऊन आलेलं असतं. आमच्याकडे गावी अशा ऐवजाला रेंदा म्हणायचे, आणि रेंद्याला कुणी सोनं म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

या रेंद्यात बरंच काही असतं, पण मी फक्त शिशाबद्दल बोलणार आहे. शिशाशी आमचा घरोबा जुना.

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरजुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, शिशाचे, त्यात थोडं अँटिमनी, थोडं कथील. दिवसभर खिळ्यांच्या पेटीतल्या खणांतून खिळे उचलायचे, छपाई झाली की तेच खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. बोटांची टोकं कायमची राखी झालेली. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना मोरीच्या उंबऱ्यावरच अडवायची. आधी राखेनं हात, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. तोवर धाकट्याला उचलायची परवानगी नव्हती. सदरा वेगळ्या बादलीत. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला कुठल्याशा बाईनं नळावर सांगितलं होतं की छापखान्याची धूळ पोरांच्या पोटात जाते, आणि तेवढं तिला पुरलं होतं. छापखान्यात कामगारांना गुळाचा खडा मिळायचा, शिसं ‘उतरतं’ म्हणून. गुळानं शिसं उतरत नाही. आईच्या साबणानं मात्र ते नक्की उतरत असणार.

शिशाची सगळी गोम त्या मोरीच्या उंबऱ्यावर आहे. ते उडी मारून अंगात शिरत नाही, नुसतं हात लावल्यानंही चढत नाही. धूळ बोटांना लागते, बोटं तोंडात जातात. म्हणून मोठ्यांपेक्षा लहान मुलांना त्याचा धोका जास्त. गिळलेल्या शिशापैकी जेवढं मोठ्या माणसाचं शरीर शोषतं, त्याच्या चार ते पाच पट लहान मूल शोषतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं, त्यामुळे हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतून पुन्हा रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. पोरात बाहेरून काही दिसत नाही. ते चिडचिडं असतं, अभ्यासात मागं असतं, आणि आपण म्हणतो, लक्षच देत नाही. रक्तात अमुक इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली मांडलेल्या अंदाजानुसार रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असलेली मुलं जगात सुमारे ८० कोटी, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात.

आता हे नाल्यात येतं कुठून? तुम्ही विचाराल, शिशाचं पेट्रोल तर केव्हाच गेलं. गेलं, बरोबर. १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. पण त्याआधी काही दशकं गाड्यांच्या धुरातून जे बाहेर पडलं, ते रस्त्याकडेच्या मातीत उतरलं. शिसं कुजत नाही, जळून संपत नाही. रस्ता खणला, झाड उपटलं, पाऊस पडला की ती जुनी माती पुन्हा वाहती होते.

शिवाय नवी भर पडतेच आहे. चाकांचं बॅलन्सिंग करताना रिमला शिशाचा छोटा तुकडा ठोकतात. पूर्वी सगळे शिशाचेच असत. अजूनही गॅरेजमध्ये डबाभर दिसतात. खड्ड्यात चाक आदळलं की तो निखळतो आणि पुढच्या हजार गाड्या त्याला रस्त्यावर वाटतात, अगदी पाट्यावर वाटावं तसं. मी स्वतः रस्त्याच्या कडेला असे तुकडे वेचले आहेत. ओळखायला सोपे, नखानं चरा पडतो. रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांचा पिवळेपणा वर्षानुवर्षं शिशाच्या क्रोमेटचा होता. लोखंडी पुलांना, ग्रिलांना लागणारा लाल प्रायमर म्हणजे शेंदूर, शिशाचंच ऑक्साइड. जुना सफेता तोही शिशाचाच. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लावलेला रंग भिंतींवर आहे तिथं आहे. दर दिवाळीला तो खरवडला जातो आणि पोपडे झाडून गटारात लोटले जातात. (जाता जाता : शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. पेन्सिल चावणाऱ्या पोराला यासाठी तरी मारू नका.)

आणि बॅटऱ्या. गाडीच्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या कढईत, कोळशाच्या शेगडीवर. बॅटऱ्या गोळा करण्याचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले. तरी गल्लीतला भंगारवाला बॅटरी फोडायच्या आधी ती उलटी करतो, आतलं आम्ल गटारात जातं, आणि तळाला साचलेली राखाडी लापशीही आम्लाबरोबर जाते. त्या लापशीत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

माझाही यात वाटा आहे, तो आधी कबूल करतो. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अकरावी-बारावीच्या पोरांना कंटाळा आला की मी एक प्रयोग हमखास दाखवायचो. लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घालायचं, गडद पिवळा साका खाली बसतो. तो गरम पाण्यात विरघळवायचा आणि परीक्षानळी हळूहळू गार होऊ द्यायची. सोन्याच्या चुऱ्यासारखे चकचकीत स्फटिक भिरभिरत खाली उतरतात. सोनेरी पाऊस म्हणतात त्याला. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढं यायची. तास संपला की परीक्षानळ्या सिंकमध्ये उलट्या करायच्या आणि नळ सोडायचा. सिंकचा पाइप मागच्या गटारात, गटार नाल्यात. तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे पुढं जातं कुठं. मुलांना मी वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवत होतो, ही त्यातली गंमत.

आता नाल्याच्या तळाशी काय होतं ते. शिसं पाण्यात फारसं राहत नाही, ते चिखलाला चिकटतं. त्यातही वाळूला कमी आणि चिमटीत धरल्यावर रेशमासारखा लागतो त्या बारीक गाळाला सर्वांत जास्त. म्हणूनच पाण्याचे नमुने तपासून ‘शिसं मर्यादेत’ असं लिहिलं, तरी तळाबद्दल त्यातून काही कळत नाही. खाडीच्या तोंडाशी तर गोड्या पाण्याला खारं पाणी भेटलं की बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि बसतात. मिठीसारख्या नदीचा शेवटचा पट्टा कितीही उपसला तरी भरतो, त्यामागं हेही एक कारण आहे. भरतीचं पाणी गाळ बाहेर जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट अशी, की आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात निसर्गतःच शिसं फार थोडं आहे. त्यामुळे आपल्या ओढ्याच्या तळात ते जास्त सापडलं, तर डोंगराकडं बोट दाखवता येणार नाही. ते आपणच टाकलेलं असतं.

हवा न लागलेला नाल्याचा चिखल काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा अनुभवलं असेल. तो वास गंधकाचा. त्या गंधकाशी संयोग होऊन शिसं सल्फाइडच्या रूपात बांधलेलं असतं. जोवर चिखल पाण्याखाली, हवेपासून दूर आहे, तोवर ते बऱ्यापैकी गप्प असतं. मे महिन्यात आपण तो बाहेर काढतो, काठावर ढीग लावतो आणि पाणी निथळायची वाट बघतो. हवा लागली की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण सुरू होतं आणि बांधलेलं शिसं सुटायला लागतं. ढीग वरून वाळतो, भेगाळतो, मग त्याची पापडी होते. वाऱ्यानं पापडी उडते. मी म्हणतोय त्या नाल्यालगत ढीग काही दिवस होता आणि पोरांनी त्याच्या बाजूला स्टंप रोवले होते. चेंडू ढिगात गेला की एक जण चढायचा, चेंडू चड्डीला पुसायचा आणि गोलंदाजाकडं फेकायचा. गोलंदाज बोटाला थुंकी लावून चेंडू चमकवत होता. तेव्हा मला आई आठवली, मोरीच्या उंबऱ्यावर उभी असलेली.

नाला उपसू नका, असं मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कलिन्यात एका ओळखीच्यांच्या माळ्यावर रात्र काढली आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्यानं काय केलं आणि नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीनं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. नाला उपसलाच पाहिजे. प्रश्न उपसल्यानंतरचा आहे.

गेल्या काही वर्षांत गाळाच्या वजनाबाबत आपण फार हुशार झालो. वजनकाटे आले, गाड्यांना जीपीएस लागलं, डंपर भरताना आणि रिकामा करताना व्हिडिओ काढायची सक्ती झाली, मुंबईत तर ते व्हिडिओ तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. तरी मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळाबद्दल आर्थिक गुन्हे शाखेनं १३ जणांवर गुन्हा नोंदवला. आरोप ६५ कोटींहून अधिक रकमेच्या घोटाळ्याचा, आणि गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट असल्याचाही. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. माझी खंत वेगळी आहे. त्या सगळ्या गदारोळात, वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर, विधानभवनात आणि चौकात, सगळे विचारत होते की गाळ किती निघाला. गाळात काय निघालं, असं कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. जागेचा करारही आपण पैशांच्या अंगानं वाचला. तो खरा असता, तर तो गाळ खरोखरच कुणाच्या तरी जमिनीवर गेला असता ना? मग त्या जमिनीचं काय?

वजन वाढवायला गाळात राडारोडा मिसळतात, अशी ओरड दरवर्षी होते. शिक्षकाच्या खोडीनं सांगतो, त्यानं शिशाचा आकडाही खाली येतो. विटांचे तुकडे घातलेला नमुना प्रयोगशाळेत दिला तर अहवाल छान येईल. म्हणून तपासणी डंपरमधल्या मालाची नको, नाल्याच्या तळाची हवी, तीही उपसण्याच्या आधी.

आकड्यांचं थोडं बोलतो, कारण तुम्ही आकड्यांची माणसं. शहरी कचऱ्यापासून केलेलं खत विकायचं असेल तर त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. खत नियंत्रण आदेशात तसं लिहिलं आहे. दुसऱ्या टोकाला घातक कचऱ्याचे नियम. तिथं नमुना सौम्य आम्लात घोळवून, झिरपून येणाऱ्या द्रावणात लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसं निघालं तर तो घातक. पण ही परीक्षा सुटणाऱ्या शिशाची आहे. एक भाग माती आणि वीस भाग द्रव घेऊन ती होते, आणि ताज्या काळ्या चिखलातलं बांधलेलं शिसं तिच्यात फारसं सुटतच नाही. म्हणजे किलोमागे तीनशे-चारशे मिलिग्रॅम शिसं असलेला गाळ खत म्हणून नापास होईल आणि घातक कचरा म्हणूनही ‘नापास’ होईल. त्याला कुठलाच कायदा आपला म्हणत नाही. नदी-नाल्याच्या गाळात किती शिसं चालेल, असा वेगळा आकडा आपल्याकडे असल्याचं माझ्या माहितीत नाही. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या गाळासाठी अभ्यासक दोन खुणा वापरतात. किलोमागे साधारण ३६ मिलिग्रॅमच्या खाली तळातल्या जिवांना सहसा त्रास नाही, १२८ च्या वर बहुतेक होतोच. घराभोवतीच्या मातीबद्दल २०२४ साली तिथल्या सरकारनं काळजीची मर्यादा ४०० वरून २०० वर आणली. आपण यातला कुठलाही आकडा उचला. अगदी आपलाच खताचा १०० घ्या. पण काहीतरी घ्या. ज्या मातीला खत म्हणून विकता येत नाही, ती भाजीच्या वाफ्याखाली भर म्हणून कशी चालते, हे मला कुणी समजावून सांगावं.

भाजीबद्दल उगाच घाबरवत नाही. शिसं मुळांपाशीच बरंचसं अडतं, दाण्यापर्यंत फार थोडं चढतं. पालेभाजीवर मातीचे शिंतोडे उडतात, मुळा-गाजराला माती चिकटते, तिथं धोका. पण त्याहून मोठा धोका त्या जमिनीवर राहणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांना. आज भाजी, उद्या प्लॉट, परवा तिथंच बालवाडी. हायवेलगतच्या भरावाच्या जमिनींचं पुढं काय होतं ते आपण सगळेच जाणतो.

तर मागणी अशी आहे, की उपसायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, नाल्याच्या तळाचे नमुने घ्या. नुसते वरवरचे नकोत, पोकलेनचं बकेट जितकं खोल जाणार तितक्या खोलीपर्यंतचे. पहिली चाळणी हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्रानं होते, म्हणजे क्ष-किरण टाकून मातीतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रानं. ते ड्रिल मशीनसारखं दिसतं, सुकवलेल्या मातीवर टेकवलं की एखाद-दोन मिनिटांत आकडा देतं. जिथं आकडा वर दिसेल तिथले नमुने प्रयोगशाळेत पाठवा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, विद्यापीठांत हे करू शकणारी मुलं प्रकल्पाला विषय शोधत फिरत असतात. कोट्यवधींच्या निविदेत हा खर्च वजनकाट्याच्या भाड्याएवढा तरी असेल का, शंका आहे. मग निविदेत गाळाचे दोन-तीन वर्ग करा, प्रत्येकाला वेगळा दर द्या, कारण वेगळ्या जागी न्यायला वेगळं भाडं लागणारच. पावतीवर ‘माल : गाळ’च्या पुढं वर्ग छापा. ढिगावर ताडपत्री टाका. एवढी गोष्ट तर उद्यापासूनही होईल.

तुमची उत्तरं मला थोडीफार ठाऊक आहेत. माझे दोन विद्यार्थी तुमच्यातच आहेत. ३१ मेची मुदत, त्यात निवडणूक आली तर आचारसंहिता, माणसं कमी, वरून फोन. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही डिसेंबरमध्ये नमुने घेण्याच्या आड येत नाही. लोक घाबरतील, हे दुसरं उत्तर. घाबरू देत की थोडे. आई घाबरली म्हणूनच हात धुवायला लावत होती.

खरं अवघड उत्तर तिसरं आहे, जे मला एकानं खासगीत दिलं : “सर, सापडलं तर टाकायचं कुठे?” हे प्रामाणिक आहे आणि त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. सापडू नये म्हणून शोधायचंच नाही, हा मार्ग मात्र फार महाग पडतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरानं असाच प्रश्न पडल्यावर दूषित गाळासाठी ‘स्लुफ्टर’ नावाचं वेगळं कोठार बांधलं, १९८७ पासून ते चालू आहे. गाळ तपासायचा, स्वच्छ असेल तो समुद्रात, दूषित असेल तो कोठारात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला कोण काय सोडतं, त्याच्या मागं लागायचं, म्हणजे कोठार भरायला वेळ लागतो. आपल्याकडे तळोज्याला घातक कचऱ्याचं केंद्र आहे, पण तिथं लाखो टन गाळ नेणं शक्य नाही, तशी गरजही नाही. माझा अंदाज असा, की सगळा नाला सारखा विषारी नसणार. भंगाराच्या वखारींखालचा शे-दोनशे मीटरचा पट्टा, एखाद्या पुलाखालची खोलगट जागा, मोठ्या गॅरेजांच्या गटाराचं तोंड, अशा ठिकाणी ते साचलेलं असेल. तेवढंच वेगळं काढून अस्तर घातलेल्या खड्ड्यात नेता आलं, तर उरलेला गाळ तुम्ही निर्धास्तपणे देऊ शकाल. मोजल्याशिवाय मात्र ते पट्टे कळायचे कसे?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जागा प्रदूषित ठरली की जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असा त्याचा रोख आहे. आज तुमच्या सहीच्या मोजमापवहीत ज्या शेताचा सर्व्हे नंबर लिहिला जातो, तो उद्या त्या यादीत आला तर कागद तुमच्याच कपाटातून निघणार आहे. धमकी म्हणून नाही लिहीत. मी तुमच्या जागी असतो तर एक चाचणी-अहवाल त्या वहीला टाचून ठेवला असता, एवढंच.

शेवटी एक खासगी गोष्ट. त्या दिवशी डंपर गेल्यावर मी टपरीवाल्याकडून पिशवी घेतली आणि ढिगातला मूठभर चिखल घरी आणला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला, पाणी ओतलं, हलवला, ठेवून दिला. आता त्याचे थर दिसतात. तळाला वाळू आणि काचेचे चुरे, त्यावर करडा थर, सर्वांत वर तो रेशमी काळा. सून दोनदा विचारून झाली, बाबा हे टाकू का. मी नको म्हटलं. तपासून घेतला नाही, कारण एका बरणीनं काही सिद्ध होत नाही, हे मीच तीस वर्षं पोरांना सांगत आलो. सिंकमध्ये तर आता ओतवत नाही.

तुमच्यापैकी कुणी नमुने घ्यायला सुरुवात करणार असेल तर पहिली बरणी माझ्याकडून न्या. वर तारीख, नाल्याचा पट्टा आणि ढिगातली खोली लिहून ठेवली आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक